बटणं बंद करण्याआधी दहा मिनिटं मीटरसमोर

विजेचं बिल वाढलं की घरात पहिली गदा येते ती भिंतीवर लटकलेल्या मोबाइलच्या चार्जरवर. मग टीव्हीच्या लाल ठिपक्यावर, मग मागच्या खोलीतल्या दिव्यावर. गीझर मात्र सकाळभर चालूच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आजकालचा बरा चार्जर, फोन न लावता नुसता खोचून ठेवला, तर ०.१ ते ०.२ वॉट खातो. वर्षभर काढलाच नाही तरी फार तर पावणेदोन युनिट. पंधरा लिटरचा गीझर तीनदा तापला की तेवढी वीज संपली.

हिशेब एकच आहे, वॉट गुणिले तास. १००० वॉटचं काहीही एक तास चाललं की एक युनिट. या गुणाकारात मोठं उत्तर दोनच प्रकारची उपकरणं देतात. एक, जी उष्णता तयार करतात किंवा इकडची तिकडे नेतात: गीझर, एसी, फ्रिज, हीटर, इस्त्री, ड्रायर. दुसरी, जी दिसायला किरकोळ पण कधीच बंद होत नाहीत अशी. एक वॉट वर्षभर अखंड चालला तर ८.७६ युनिट होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सारखा कामाला येतो.

मीटरचा लुकलुकणारा दिवा

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल एलईडी लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ ३२००, १६०० किंवा ८०० असा आकडा छापलेला असतो. तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट मोजलं गेलं. म्हणजे घर या क्षणी किती वीज खातंय हे बघायला वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही, मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. ६०,००० ला त्या छापील आकड्याने भागा. ३२०० च्या मीटरला १८.७५ येतात. एका मिनिटात जितक्या वेळा दिवा लुकलुकला त्याला १८.७५ ने गुणलं की वॉट मिळतात. मिनिटात १० वेळा म्हणजे १८७ वॉट. खूप सावकाश लुकलुकत असेल तर उलट करा, दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्यांनी भागा (हा आकडा ३२०० च्याच मीटरचा). २२ सेकंद लागले तर साधारण ५० वॉट.

आता खरी तपासणी. रात्री सगळे झोपायच्या वेळी, आपल्या समजुतीप्रमाणे ‘सगळं बंद’ असताना हे मोजा. फ्रिजचा प्लग तेवढ्यापुरता काढून ठेवा, नाहीतर त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होऊन आकडा बिघडवतो. परत लावताना काढल्यापासून किमान पाच मिनिटं गेलेली असू द्या; लगेच लावला तर आतला दाब उतरलेला नसतो आणि कॉम्प्रेसर सुरू होताना अडकतो. फ्रिज सोडून जो आकडा उरला ती तुमच्या घराची पायाभूत गळती. पन्नास वॉट आले तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६, वर्षाला ४३८. कोणीही काहीही न वापरता.

मग एकेक प्लग काढत मोजत जायचं. बहुतेक घरांत गुन्हेगार तेच ते सापडतात. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आत जागाच असतो आणि ८ ते १५ वॉट सहज घेतो. राउटर ६ ते १२. संगणकाचे जुने स्पीकर, जुना प्रिंटर, आणि बॅटरी बॅकअपचा इन्व्हर्टर. या शेवटच्याकडे नीट बघा, कारण बॅटरी म्हातारी झाली की ती कधी पूर्ण भरतच नाही. चार्जर दिवसरात्र तिच्यात वीज ओतत राहतो आणि ती नुसती गरम होते. बॅटरीच्या अंगाला हात लावून बघा. वीज न जाता दोन दिवस झाले असतील आणि ती तरीही कोमट लागत असेल, तर तिचं आयुष्य संपत आलंय.

बोर्डावरचे सगळे एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारे स्विच) खाली पाडूनही मीटरचा दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आणि तुमच्या बोर्डाच्या मध्ये कुठेतरी वीज जातेय. तिथे स्वतः हात घालू नका, परवानाधारक वायरमन बोलवा. एमसीबी एकेक वर करताना ठराविक एकावरच दिवा पळायला लागला, तर त्या लाइनवर काय-काय आहे ते शोधा. माळ्यावरचा विसरलेला दिवा, गच्चीवरचा सॉकेट, बाहेरच्या भिंतीतली पाणी मुरलेली जोडणी, असं काहीतरी निघतं.

गरम पाणी

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. यात कुठल्याच कंपनीला सूट नाही. ‘कमी विजेत जास्त गरम’ असं लिहिलेला रॉड असो की गीझर, एलिमेंटवर (विजेने तापणाऱ्या सळीवर) चालणारं प्रत्येक यंत्र एका युनिटची एकाच युनिटइतकी उष्णता देतं. फरक पडतो तो पाणी किती, किती अंश, आणि तापवल्यानंतर किती वाया गेलं यावर.

नळाचं पाणी २५ अंशांचं आणि आंघोळीला ४० अंशांचं हवं असं धरा. १५ लिटरच्या बादलीला ०.२६ युनिट पुरतात. मिनिटाला ९ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं तर ७२ लिटर, म्हणजे सव्वा युनिट. जवळजवळ पाचपट. शॉवर सोडवत नसेल तर त्याचा प्रवाह तरी मोजा. खाली बादली ठेवा, एक मिनिट सोडा, किती लिटर भरलं बघा. ९-१० च्या वर असेल तर मिनिटाला ६ लिटरचा शॉवरहेड किंवा आत बसणारी प्रवाह कमी करणारी चकती लावा. तीच आठ मिनिटं ०.८४ युनिटांत होतात. पण पाणी फक्त गच्चीवरच्या टाकीच्या उंचीवरून येत असेल आणि दाब मुळातच कमी असेल, तर चकती लावून नुसती धार बारीक होते आणि माणूस दुप्पट वेळ उभा राहतो. तिथे लावू नका.

टाकीचा गीझर दिवसभर चालू ठेवण्याबद्दल एक जुना गैरसमज आहे: पुन्हा पुन्हा तापवण्यापेक्षा तापलेलं टिकवणं स्वस्त. तसं नाही. पाणी जितका वेळ गरम, तितका वेळ त्याची उष्णता बाहेर झिरपत राहते. थंड होऊ दिलं तर झिरपण्याचा वेगही मंदावतो. घरच्या घरी बघायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी कोणी गरम पाणी न घेता गीझर चालू ठेवा आणि त्याचा दिवा कधी लागतो ते टिपा. समजा दर चार तासांनी पाच मिनिटं लागला, आणि गीझर २००० वॉटचा आहे. दिवसाला अर्धा तास, म्हणजे एक पूर्ण युनिट, कोणाच्याही अंगावर थेंब न पडता. १५ लिटर २५ वरून ६० अंशांवर न्यायला ०.६१ युनिट आणि २००० वॉटच्या गीझरला १८ मिनिटं लागतात. म्हणून आंघोळीच्या वीस मिनिटं आधी लावायचा आणि आत जाताना बंद करायचा. विसरभोळ्या घराने टायमर लावावा, पण गीझरच्या अँपिअरला पुरणारा. ६ अँपिअरचा स्वस्त टायमर २००० वॉटखाली वितळतो.

थर्मोस्टॅट ७५ वर असेल तर ६० वर आणा. त्याखाली मात्र नको. साठवलेलं पाणी २० ते ४५ अंशांच्या पट्ट्यात रेंगाळलं तर त्यात लेजिओनेला नावाचे जीवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुफ्फुसात जाऊ शकतात. काटकसर इथे थांबवायची.

गीझरपासून नळापर्यंतचा पाइप हा कोणीच न मोजलेला खर्च. आतून १५ मिलिमीटर व्यासाचा पाइप दर मीटरला पावणेदोनशे मिली पाणी धरून ठेवतो. गीझर दहा मीटर दूर असेल तर नळ बंद केल्यावर दर वेळी पावणेदोन लिटर गरम पाणी पाइपातच थंड होतं. याचा सगळ्यात हट्टी प्रकार बेसिनवर दिसतो. मिक्सर नळाची दांडी मधोमध असते, हात धुवायला कोणी दहा सेकंद उघडतं, गीझरमधून गरम पाणी निघतं, ते नळापर्यंत पोचायच्या आत नळ बंद होतो. हाताला थंडच लागतं, आणि टाकीत तेवढंच थंड पाणी शिरतं. दिवसातून पंधरा वेळा. दांडी गार पाण्याच्या टोकाला ठेवायची सवय लावली की संपलं. गीझरमधून निघणाऱ्या पाइपाच्या पहिल्या दोनेक मीटरवर फोमची नळी चढवा, तेवढ्याने भागतं. सगळा पाइप गुंडाळायला भिंत फोडू नका.

क्षाराबद्दल थोडं. जड पाण्याच्या भागात एलिमेंटवर पांढरं कवच बसतं आणि ‘त्यामुळे वीज जास्त लागते’ असं सगळीकडे सांगितलं जातं. विजेच्या गीझरच्या बाबतीत हे फारसं खरं नाही. एलिमेंट पाण्यातच बुडालेलं असतं, उष्णता जाणार कुठे? उशिरा का होईना, पाण्यातच जाते. नुकसान होतं ते एलिमेंटचं. कवचाखाली ते स्वतः जास्त तापतं आणि जळतं. तापताना आतून खडखड किंवा ठकठक आवाज यायला लागला की कवच जाड झालंय समजा. गॅस गीझरची गोष्ट वेगळी. तिथे ज्योत आणि पाणी यांच्यामध्ये नळी असते; तिच्या आत क्षार बसला की उष्णता पाण्यात न जाता धुराबरोबर वर निघून जाते आणि गॅस खरोखर जास्त लागतो. विजेच्या गीझरमध्ये वर्षातून एकदा क्षार काढताना मॅग्नेशियमचा अॅनोड रॉडही बघून घ्या. तो टाकीऐवजी स्वतः गंजावा म्हणूनच बसवलेला असतो. झिजून आतली तार दिसायला लागली की बदलायचा. नाही बदलला तर पुढची पाळी टाकीची.

फ्रिज

चोवीस तास चालणारं एवढं मोठं यंत्र घरात दुसरं नाही, आणि त्याच्या डायलवरचा आकडा म्हणजे तापमान असं समजणारे लोक पुष्कळ आहेत. बहुतेक फ्रिजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंड. खरं तापमान बघायला मधल्या फळीवर पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा. ३ ते ५ अंश आलं की ठीक. हवेत नुसता टांगलेला थर्मामीटर दार उघडताक्षणी चढतो, म्हणून पाणी. फ्रीझरला उणे १८ पुरतं.

दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकून यायला हवी. चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात, करून बघा. अलगद निघाली तिथे रबर सैल आहे. सैल रबरातून गार हवा बाहेर जाते हे अर्धंच. दमट हवा आत येते, तिचा बर्फ होतो, आणि तो बर्फ आतल्या कॉइलवर (गार होणाऱ्या नळ्यांवर) बसून थंडी अडवतो. आधी साबणाच्या पाण्याने रबराच्या घड्या पुसा, बऱ्याचदा तिथे फक्त चिकट मळ असतो. कडक झालं असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून हाताने आकार द्या. तरी जमलं नाही तर नवीन रबर.

मागे उष्णता बाहेर टाकणारी काळी जाळी दिसत असेल तर प्लग काढून ती ब्रशने झाडा आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. नव्या फ्रिजमध्ये मागे जाळी नसतेच. ती कुठे गेली? बहुधा दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड. म्हणूनच बाजू कोमट लागतात. तो बिघाड नव्हे. पण अशा फ्रिजला दोन कपाटांच्या फटीत कोंबलं तर त्याचा श्वास कोंडतो. बाजूलाही जागा सोडा.

आपोआप बर्फ न वितळणाऱ्या फ्रीझरमध्ये थर पाच-सहा मिलिमीटरचा झाला की बंद करून वितळवा. सुरीने खरवडलात तर कॉइलला भोक पडतं आणि गॅस निघून जातो. साध्या कॉम्प्रेसरचा फ्रिज थंडीच्या रात्रीही न थांबता घरघरत असेल तर रबर, जाळी, थर्मोस्टॅट, गॅस या क्रमाने संशय घ्या. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे वेग बदलणारा) मात्र सावकाश पण बराच वेळ चालावा असाच केलेला असतो, त्याच्यावर हा नियम लावू नका.

एसी, पंखे आणि खिडकी

एसी थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता बाहेर फेकतो. एक टनाचा एसी ताशी साडेतीन युनिटांइतकी उष्णता फेकू शकतो आणि त्यासाठी साधारण एक ते सव्वा युनिट घेतो. आत येणारी उष्णता अडवली तर त्याला फेकावीच लागत नाही, इतकं सरळ आहे. पश्चिमेच्या खिडकीच्या एक चौरस मीटर साध्या काचेतून उतरत्या उन्हात ५०० वॉट उष्णता सहज आत येते. दोन चौरस मीटरची खिडकी म्हणजे एक हीटर लावून समोर एसी चालवणं. पडदा लावला तर डोळ्यांना बरं वाटतं, पण ऊन काचेतून आत आलेलं असतं आणि पडदा तापून खोलीलाच तापवतो. सावली काचेच्या बाहेर हवी: छज्जा, बाहेरची चिक, जाळी, वेल, काहीही. अगदी बाहेर काही करता येत नसेल तर पांढऱ्या पाठीचा जाड पडदा काचेला चिकटून.

१६ वर लावल्याने खोली लवकर थंड होत नाही. साध्या कॉम्प्रेसरला एकच वेग माहीत. १६ म्हणजे ‘लवकर’ नव्हे, ‘थांबू नकोस’. २६ वर ठेवा आणि पंखा मंद चालवा. दर अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि पंखा त्यातले दोन-तीन अंश अंगाला भासवतो. पंखा हवा थंड करत नाही, घाम उडवतो. खोलीत कोणी नसेल तर तो उलट आपल्या मोटरची उष्णता खोलीत सोडतो.

फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, जाळी सावलीत वाळवून बसवा. तुंबलेल्या फिल्टरमुळे हवा कमी पडते, कॉइलवर बर्फ धरतो आणि मग तो वितळून भिंतीवर ओघळ येतात. लोकांना वाटतं ड्रेनचा पाइप फुटला. बाहेरचा युनिट बंदिस्त बाल्कनीत असेल तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. त्याच्या तोंडासमोर मीटरभर मोकळं असू द्या. आणि दर वर्षी ‘गॅस भरून घ्या’ म्हणणाऱ्याला एक प्रश्न विचारा: गेला कुठे? एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय भरणं म्हणजे फुटक्या घड्यात पाणी.

पंख्यांचा हिशेब सोपा आहे. साधा छताचा पंखा ७०-८० वॉटचा, बीएलडीसी मोटरचा (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा) ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास, वर्षात ३०० दिवस चालणारा पंखा बदलला तर १६०-एक युनिट वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतला बदलू नका, तो आठवड्यातून तासभर फिरतो. पंखा पाचवरही रेंगाळत असेल तर बहुधा कॅपॅसिटर (मोटरला जोर देणारा छोटा सुटा भाग) उतरलाय. त्यावर २.५, ३.१५ असा मायक्रोफॅरडचा आकडा असतो, तोच आणायचा. मोठा घातला तर वेग वाढल्यासारखा वाटतो आणि मोटरमधलं तारेचं वेटोळं तापतं. भिंतीवरचा जुना चौकोनी, हाताला गरम लागणारा रेग्युलेटर पंख्याची वाचलेली वीज स्वतःच तापून उडवतो. त्याजागी इलेक्ट्रॉनिक बसवा.

थंडीतल्या खोलीच्या हीटरबद्दल एकच वाक्य: तेलाचा, पंख्याचा, लाल सळीचा, सगळे एका युनिटला एक युनिट उष्णता देतात, महाग हीटर जास्त देत नाही, गरम-थंड दोन्ही करणारा एसी असेल तर तो मात्र बाहेरची उष्णता आत ओढून एका युनिटला तीनच्या आसपास देतो.

शेगडी

पाणी उकळायला लागलं की त्याचं तापमान १०० अंशांवर थांबतं. (उंच डोंगरावर त्याच्याही खाली.) पुढे ज्योत कितीही मोठी केली तरी आतलं लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त होते. एक लिटर पाणी २५ वरून १०० अंशांवर न्यायला जेवढी उष्णता लागते, तेच पाणी सगळं वाफ करायला तिच्या सातपट लागते. भांड्यावरचं झाकण नेमकी हीच सातपट वाचवतं. उकळी फुटली की झाकण ठेवून ज्योत इतकी बारीक करा की पृष्ठभाग नुसता थरथरत राहील. प्रेशर कुकरचंही तेच. आत दाब पूर्ण चढला की तापमान १२० अंशांच्या आसपास पोचलेलं असतं, आणि सतत फुसफुसणारी वाफ हा निव्वळ उडालेला गॅस.

ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली की तेवढी वाया. पिवळी झाली तर हवा कमी पडतेय. बर्नरची चकती थंड झाल्यावर काढा, गरम साबणाच्या पाण्यात भिजवा, एकेक भोक पिनेने मोकळं करा, आणि पूर्ण सुकल्यावरच बसवा. ओली बसवली की ज्योत पुन्हा पिवळीच येते आणि घासणाऱ्याला वाटतं काहीच उपयोग झाला नाही. त्यानंतरही पिवळी राहिली तर बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं किंवा जेटमध्ये (गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीत) कचरा. जेटमध्ये पिन घालू नका, भोक मोठं होतं. ते मेकॅनिकचं काम.

दिवे, कपडे आणि एक डबी

दिव्यांवर सगळ्यात जास्त बोललं जातं, म्हणून इथे कमी. ६० वॉटचा तारेचा बल्ब कुठे उरला असेल तर ९ वॉटचा एलईडी लावा. रोज पाच तासांना वर्षाचे ९३ युनिट वाचतात. एलईडी वर्षभरात जातोय? चारही बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात असेल. आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) उष्णतेने मरतो, एलईडी नव्हे. बंद केल्यावरही मंद चमकत असेल तर बटणातला निऑन दिवा कारण असतो, किंवा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलंय. दुसरं असेल तर ते आधी दुरुस्त करा, कारण बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट असतो.

वॉशिंग मशीन गरम पाण्यावर चालवलं तर बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते, ड्रम फिरवण्यात नाही. रोजच्या कपड्यांना गार पाणी चालतं. मात्र नेहमी गार धुतलं की ड्रममध्ये साबणाचा बुळबुळीत थर आणि वास येतो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० अंशांवर फिरवा. इस्त्री एकदम बसून करा आणि शेवटचे दोन-तीन पातळ कपडे प्लग काढून उरलेल्या उष्णतेवर.

प्लगमध्ये खोचली की बिल तीस टक्के उतरवते म्हणणारी हिरव्या दिव्याची डबी घेऊ नका. उघडली तर आत एक कॅपॅसिटर आणि तो दिवा निघतो. कॅपॅसिटर पॉवर फॅक्टर सुधारतो, म्हणजे तारेतून येणाऱ्या विजेपैकी किती खरोखर कामाला लागते ते प्रमाण. घरगुती मीटर बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष वापरलेले किलोवॉट-तास मोजतो, त्यात पॉवर फॅक्टरने फरक पडत नाही. उलट त्या दिव्याची वीज आपल्याच खात्यावर.

पाणी आणि पंप

गळक्या नळाखाली मापाचा पेला ठेवून एक तास थांबा. २०० मिली जमलं तर वर्षाला साडेसतराशे लिटर. बहुतेक वेळा आतला वॉशर बदलला की थांबतं. नळ गरम पाण्याचा असेल तर पहिला तोच दुरुस्त करा. फ्लशच्या टाकीची गळती आवाज करत नाही: टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचं रबर गेलंय.

पंपाने टाकी भरायला आधी लागायची त्यापेक्षा जास्त वेळ लागायला लागला तर सक्शनच्या पाइपात हवा शिरतेय किंवा फूट व्हॉल्व्ह (त्या पाइपाच्या तळाशी पाणी परत जाऊ न देणारा) बसत नाहीये. पंप बंद केल्यावर पाइपातलं पाणी खाली उतरतं, मग पुढच्या वेळी तो कोरडाच फिरतो आणि सील जळतं. टाकी भरल्याचं बाहेर वाहणाऱ्या पाण्यावरून कळत असेल तर फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप बंद करणारं तरंगतं बटण) बसवा. दाबाचा पंप (नळ उघडला की आपोआप सुरू होणारा) रात्री कोणी नळ न उघडता दर काही मिनिटांनी झटका घेत असेल, तर कुठेतरी थेंब-थेंब गळतंय किंवा पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह पाणी सोडतोय. रात्री त्याच्या पुढचा कॉक बंद करून बघा. झटके थांबले तर गळती घरात आहे, चालूच राहिले तर पंपापाशी.

आणि मीटरसमोरून उठलात की गीझर, एसी, इस्त्री या तिघांचे प्लग वीस मिनिटं चालल्यावर बंद करून बाहेर काढा आणि पिनांजवळ हात न्या. प्लग कोमट असेल तर ठीक. हात मागे घ्यावासा वाटला, किंवा सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी कडं दिसलं, तर आतली पकड सैल झालीय. तिथे जळणारी वीज बिलात फार दिसत नाही, पण असा सॉकेट बदलायला महिनाअखेरीपर्यंत थांबू नका.